देवाला न चालणारी भाजी

दादा,

भिंतीवर तुमचा फोटो नाही. चार दिवस झाले, तिथे फक्त खिळा आहे आणि फोटोच्या मापाचा एक उजळ चौकोन, कारण बाकीच्या भिंतीचा रंग मळला आणि तुमच्या मागचा तेवढा राहिला. फोटो तुमच्या नातीनं काढला. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात त्यानंतर दोन वर्षांनी ती झाली. आता तिचं कॉलेज संपलंय, घरूनच काम करते, आणि उरलेल्या वेळात आमच्या वर्तकनगरच्या घराच्या बाल्कनीत भाजी लावते. तिनं काच पुसली, मोबाईलवर फोटोचा फोटो घेतला आणि मला म्हणाली, "बाबा, आजोबांचं कपाळ काय भारी आहे रे. गंध एकदम ठळक आलंय. लेबलवर मस्त दिसेल." मी विचारलं, "कसलं लेबल?" तेव्हा तिनं दाखवलं. वर हिरव्या अक्षरांत 'आजोबांची भाजी', मध्ये तुमचा चेहरा, आणि चेहऱ्याखाली 'तीन पिढ्यांचा विश्वास'. देवघरापुढे जाऊन बसलो. जप करायचा होता, पण देवाचं नाव ओठांवर येईना. तुमचंच येत होतं, आणि ते चांगल्या मनानं येत नव्हतं.

मी तुमच्यासमोर कधी आवाज चढवला नाही. तुम्ही होतात तोवर खाली बघून बोललो. तुम्ही गेल्यावर दरवर्षी श्राद्ध केलं, कावळ्याचं पान ठेवलं, आणि त्या पानावर दरवर्षी एक पालेभाजी वाढली, दहा ठिकाणी फिरून, हुंगून आणलेली. घरात सगळ्यांना वाटतं की मी तुमच्या आवडीची म्हणून इतकी बघून आणतो. ते तसं नाही. मला तुम्हाला काहीतरी ऐकवायचं असतं आणि पितरांच्या पानावर दुसरं काही ऐकवता येत नाही, म्हणून मी भाजी ऐकवतो. आज कागदावर ऐकवतोय.

आधी ही नवी भाजी काय आहे ते सांगतो, कारण भाजीतलं तुम्हाला कळायचं. हिला वॉटरक्रेस म्हणतात. आपल्याकडे ही नव्हती, निदान आपण पाहिली नव्हती. लहान गोल पानं, आतून पोकळ, नाजूक देठ. तोंडात टाकली की आधी काहीच कळत नाही, मग मोहरीच्या पाल्यासारखी नाकात चढते. मुलीनं एका मोठ्या दुकानातून जुडी आणली, पानं आम्हाला खायला घातली आणि चार देठ पाण्याच्या ग्लासात उभे केले. आठवडा झाला नसेल, पेरापेरातून पांढरी मुळं बाहेर आली, दोऱ्यासारखी. मग तिनं एक पसरट टब आणला, तळाला धुतलेली खडी घातली, वर नारळाचा भुसा, आणि देठ त्यात तिरके खोचले. पाणी इतकंच की मुळं बुडावीत आणि पानं वर राहावीत. कडक ऊन हिला सोसत नाही. उन्हाळ्यात कडू होते, फुलावर येते. म्हणून थंडीचे महिने आणि पूर्वेची बाल्कनी. पेराच्या वर कात्रीनं कापली की खालून पुन्हा फुटते. मात्र पाणी रोज बदलायचं. साचलं की शेवाळ धरतं, वास येतो. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवायचं म्हणजे त्यातल्या औषधाचा दर्प उडतो. हे पाण्याचं काम माझ्याकडे आहे. सकाळी पूजा आटोपली की मी टब तिरका करून कालचं पाणी काढतो, ते कुंड्यांना घालतो आणि बादलीतलं ताजं पाणी तांब्यानं कडेकडेनं सोडतो. मुळं हलतात. पाणी इतकं स्वच्छ असतं की खालची खडी मोजता येते. सुरुवातीला हे करताना तुमची आठवण गोड यायची. मुलीला मी ती गोड आठवण सांगितली, तीच माझी चूक झाली.

मी तिला गाव सांगितलं. तुम्ही विठ्ठलवाडीला कंपनीत होतात, आई तुमच्याजवळ, आणि मी शाळेसाठी घाटावर चुलत्याकडे. दिवाळीत, मे महिन्यात तुम्ही यायचात आणि पिशवी ओट्यावर ठेवून आधी पाटावर जायचात. झऱ्याचं पाणी पाटानं खाली यायचं, त्याच्या दोन्ही बाजूंना तुमचं अळू. तुम्ही उकिडवे बसून कंद लावत असायचात आणि मी बाजूला उभा. तुम्ही म्हणायचात, "वाहत्या पाण्याला दोष नसतो रे. वाहतंय ना, मग ते गंगाच." आणि काहीही पहिलं निघालं, अळूचं पान असो, मेथीची जुडी असो, काकडी असो, ते आधी भैरोबाच्या देवळात जायचं. त्याआधी आम्ही पोरांनी तोंडात टाकलं तर चुलता कान पिळायचा. "देवाच्या आधी जेवतोस? तू कोण, पाटील?" हे सगळं मी मुलीला सांगितलं. पुढे म्हणालो, "विठ्ठलवाडीलाही आजोबा भाजी लावायचे, लोक त्यांच्याचकडे घ्यायचे." एवढ्यावर थांबलो. तिनं उरलेलं स्वतः भरलं. झरा, पाट, शेतकरी आजोबा, तीन पिढ्या. इमारतीतल्या बायकांना तिची भाजी आवडली, आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये महिला मंडळाचा रविवारचा बाजार होता, त्यात तिनं टेबल घेतलं आणि लेबलं छापायला टाकली.

आता विठ्ठलवाडी. मी दहावी होऊन आलो तेव्हा तुमच्या कंपनीला टाळं लागून वर्ष झालं होतं. पत्रात तुम्ही ते कळवलं नव्हतं. रुळांच्या पलीकडे नाल्याला लागून एक पडीक पट्टी होती, ती तुम्ही साफ करून वाफे पाडले होते. मला पहिल्या दिवशी घेऊन गेलात. मी विचारलं, "पाणी कुठलं?" तुम्ही हातानं नाला दाखवलात. दादा, ते पाणी मला अजून दिसतं. सकाळी करडं असायचं, दुपारनंतर कधी निळसर, कधी जांभळट, वरच्या बाजूला कापड रंगवणारे काय सोडतील त्यावर. त्यात वस्त्यांचं सगळं यायचं, सगळं म्हणजे सगळं. त्यावर साबणासारखा फेस धरायचा. तुम्ही त्यात उतरून तेलाचा रिकामा डबा बुडवायचात, वर द्यायचात, मी वाफ्यात ओतायचो. पालक, लाल माठ, शेपू, मुळा. कधी पाहिली नाही अशी वाढ! पालकाची पानं हाताएवढी, तुळतुळीत. तुम्ही म्हणालात, "बघितलंस? गावाला असा येतो का?" मी म्हणालो, "दादा, वास येतोय." तुम्ही म्हणालात, "वाहतंय ना?" मी गप्प बसलो. सोळा वर्षांचा होतो आणि तुमच्या तोंडून आलेलं वाक्य माझ्यासाठी पोथीतलं होतं.

पहिल्या कापणीचा दिवस मला पुसता येत नाही. पहाटे आपण पालक कापला, सार्वजनिक नळावर नेऊन जुड्या धुतल्या, केळीच्या सोपटानं बांधल्या. तुम्ही घरी येऊन आंघोळ केलीत, गंध लावलंत. खोलीत एक फळी, तीच देवघर, तोच स्वयंपाकाचा कोपरा. खाली आई स्टोव्हला पंप मारतेय. पाटी दाराशी भरलेली आहे. मी त्यातली एक चांगली जुडी उचलतो, पहिली म्हणून, देवापुढे ठेवायला. तुम्ही म्हणता, "ती ठेव परत. स्टेशनबाहेर ती म्हातारी बसते ना, घाटावरची भाजी आणते, तिच्याकडून एक जुडी घेऊन ये. नीट बघून आण."

"एवढी आपली आहे की, दादा."

"सांगितलं तेवढं कर."

"पण पहिली आपल्याच वाफ्यातली ठेवायची असते ना?"

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. शेंडी पुसत होतात. म्हणालात, "देवाला ही चालत नाही."

आईचा हात पंपावर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी गेलो, जुडी आणली. तुम्ही ती देवापुढे ठेवलीत, डोळे मिटलेत, घंटा वाजवलीत. मग दाराशी आलात, पाटी माझ्या डोक्यावर चढवलीत आणि आपण विकायला निघालो.

त्यानंतर मला दिसायला लागलं. आपल्या घरात पालेभाजी शिजत नव्हती. डाळ, बटाटा, कडधान्य, आणि कधी पालेभाजी खावीशी वाटली तर त्या म्हातारीकडची. आपल्या वाफ्यातलं एक पानसुद्धा आईच्या कढईत गेलं नाही. मी एकदा आईला विचारलं, "आपली भाजी आपण का नाही गं करत?" ती म्हणाली, "तुला डाळ आवडते ना? मग मुकाट जेव." एकदा चुलता गावाहून आला होता, त्यानं पाटी बघून म्हटलं, "वहिनी, आज शेपू होऊन जाऊ द्या, काय कोवळा आहे!" तुम्ही घाईनं म्हणालात, "अरे, तो विकायचा आहे. तुझ्यासाठी बटाट्याची केली आहे तिनं." चुलता हसला. "दादा, मुंबईकडे येऊन चिकट झालास." तुम्ही पण हसलात. चिकटपणाचं नाव चालेल तुम्हाला, खरं चालणार नाही. मी तिथे बसून ते बघितलं.

कुणीही म्हणेल, त्यांना पोटासाठी करावं लागलं, तुम्ही किती मनाला लावून घेता. मला ते समजतं. टाळं लागलेल्या माणसाकडे काय असतं, ते मी जवळून पाहिलं आहे. त्याच भाजीवर माझी बारावी झाली, हेही मी विसरलेलो नाही. तुम्ही नुसती विकली असतीत तर मी आज म्हणालो असतो, दादांना कळलं नाही, वाहत्या पाण्यावर त्यांचा विश्वास होता, खेड्यातला माणूस होता. तसं म्हणायची जागा तुम्हीच ठेवली नाहीत. देवापुढची ती जुडी! तुम्हाला कळत होतं. देवाला फसवायचं नाही एवढं नेमकं कळत होतं. मग पाटी घेऊन बाहेर पडल्यावर तो देव कुठे राहिला, असं वाटत होतं तुम्हाला? फळीवर? मी आयुष्यभर तुमच्यासारखं गंध लावलं नाही, त्याचं कारण हे. लोक विचारतात, इतकी भक्ती, मग कपाळ कोरडं कसं? मी हसून सोडून देतो. रोज पूजेला बसतो आणि ज्या गोष्टीची मला लाज वाटते ती हीच की माझी भक्ती मला तुमच्याकडूनच मिळाली. घंटा कशी धरायची तेही तुम्हीच शिकवलंत.

आणि काकू. विठ्ठलवाडीतल्याच देवळामागच्या गल्लीत राहायच्या, ठसठशीत कुंकू, मोठा आवाज. त्यांना भाजी आपल्याचकडून लागायची. तुम्ही नसलात तर मला म्हणायच्या, "ए पोरा, बाप कुठाय तुझा? त्याचं गंध बघितल्याशिवाय मला जुडी उचलवत नाही. तुझं कपाळ कोरडं, तू फसवशील मला." मी म्हणायचो, "नाही हो काकू, तीच भाजी आहे." त्या म्हणायच्या, "ते पण खरंच. भाजीला काय कपाळ असतं?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसायच्या. त्यांची लेक बाळंतपणाला आली होती. मुलगा झाला म्हणून तुम्हाला पेढा दिला, मला दिला. मग रोज शेपू. "कोवळा बघून दे रे. दूध उतरायला पाहिजे. आमच्याकडे बाळंतिणीला शेपूशिवाय घास नाही." मी कोवळा बघून द्यायचो. तो नाल्याच्या अगदी कडेच्या वाफ्यात चांगला यायचा.

मग पंधरा-वीस दिवस त्या आल्याच नाहीत. आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. तुम्ही विचारलंत, "काय वहिनी, गावाला गेला होता?"

"कसलं गाव घेऊन बसलात! लेकीला जुलाब, ताप, उठायची सोय नाही. कल्याणला ॲडमिट केलेली. सलाईनवर होती. बाळाला वरचं दूध पाजायची पाळी आली हो. अंगावरचं सगळं आटलं तिच्या."

"अरेरे. कशानं?"

"पाणी खराब म्हणाले डॉक्टर. आता घरात थेंब उकळल्याशिवाय घेत नाही आम्ही. तुम्ही आपला चांगला शेपू द्या, तिची ताकद भरून यायला पाहिजे."

दादा, मी तुमच्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता तुम्ही काहीतरी म्हणाल. आज शेपू नाही म्हणाल, किडला आहे म्हणाल, उद्या या म्हणाल. खोटं बोलायला तुम्हाला इतक्या जागा होत्या, आणि त्यातलं कुठलंही खोटं मला पुरलं असतं. तुम्ही तांब्यातलं नळाचं पाणी जुडीवर शिंपडलंत, झटकलंत, आणि अजून एक जुडी वर ठेवलीत. "ही बाळाच्या नावानं, वहिनी." काकूंचे डोळे भरून आले. मी पिशवीचं तोंड उघडून धरलं. तुम्ही दोन्ही जुड्या आत ठेवल्यात.

परत येताना मी बोललो. तेवढं एकदाच बोललो. म्हणालो, "दादा, ते आपल्या भाजीनं झालं असेल."

"कशावरून?"

"देवाला चालत नाही म्हणालात तुम्ही."

तुम्ही रस्त्यात थांबलात. हात उगारला नाहीत, त्यापेक्षा मारलं असतंत तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणालात, "मास्तरांनी हेच शिकवलं का तुला? बापाला उलट विचारायला? बरं. उद्यापासून देवालाच विचारत जा, काय जेवू म्हणून. बघू तो ताटात काय वाढतो." आणि पुढे चालायला लागलात. मी मागे, रिकामी पाटी घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळ केलीत, गंध लावलंत, पाटी भरलीत.

काकूंच्या लेकीला आपल्याच भाजीनं झालं असं मी म्हणत नाही. म्हणता येत नाही. कदाचित नळाचंच पाणी असेल, डॉक्टर म्हणाले तसं. पुढे मी ठाण्यात एका कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो, अजून तिथेच आहे. पोरं दरवर्षी कुठल्या कुठल्या नाल्याच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून आणतात, काचपट्टीवर एक थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात आणि ओरडतात, "ईऽ, सर, हे बघा काय वळवळतंय!" मी बघत नाही. बाटल्या धुवायचं काम माझं. झाकण उघडलं की तो वास येतो आणि मी पुन्हा त्या पट्टीवर उभा असतो. तुम्हाला पुरावा हवा होता ना, कशावरून म्हणून? तो मला कधीच मिळणार नाही. तुम्ही त्याच्याच भरवशावर राहिलात. कुणाला कधी कळणार नाही की कोणत्या जुडीनं कोण आजारी पडलं, आणि कळणार नाही म्हणून ती उद्या पुन्हा विकता येते. माझा राग याच्यावर आहे. आजारी पडलेली ती बाई आज माझ्या वयाची असेल किंवा थोडी मोठी. तिला कुणी कधी सांगितलंच नाही.

तर लेबल. शनिवारी दुपारपर्यंत ती छापून यायची होती. चार दिवस मी पाणी बदलत होतो आणि गप्प होतो. मुलगी म्हणत होती, "बाबा, तू पण ये हां टेबलवर. आजोबांची स्टोरी तू सांग, तू छान सांगतोस, लोकांना असं आवडतं." मला भीती दोन्हीकडची होती. न सांगावं तर तुमचा चेहरा पुन्हा भाजीवर बसणार आणि बायका तुमचं कपाळ बघून जुडी उचलणार, तीही माझ्या पोरीच्या हातून. सांगावं तर तिला जो आजोबा इतक्या वर्षांनी मिळाला होता तो चार दिवसांत जाणार. तिची भाजी स्वच्छ आहे हे मला माहीत होतं, तिचं पाणी मीच भरतो. पण त्या 'विश्वास' शब्दाशेजारी तुमचा फोटो मला बघवत नव्हता.

शनिवारी सकाळी ती कात्री घेऊन टबापाशी बसली होती. कापलेली पानं ओल्या फडक्यावर ठेवत होती. मी बादली खाली ठेवली आणि म्हणालो, "तुझ्या आजोबांची भाजी नाल्याच्या पाण्यावरची होती."

"नाला म्हणजे? ओढा का?"

"नाही गं. नाला म्हणजे नाला."

ती आधी हसली, मी थट्टा करतोय असं तिला वाटलं. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिनं कात्री खाली ठेवली. मी सांगितलं. फेस सांगितला, रंग सांगितला, नळावर धुतलेल्या जुड्या सांगितल्या. ती म्हणाली, "पण आजोबांना माहीतच नसेल ना रे, तेव्हा कुणाला काय कळत होतं." मी म्हणालो, "माहीत होतं." आणि देवापुढची जुडी सांगितली. तिनं फडक्यावरची पानं एका बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हणजे देवाला विकतची, स्वतःला पण विकतची, आणि लोकांना ती?"

"हो."

"शी, बाबा." थोड्या वेळानं पुन्हा, "शी." तिच्या आवाजात जे होतं ते मी पस्तीसेक वर्षं उराशी धरून होतो, आणि तिनं ते एका अक्षरात बोलून टाकलं. मला बरं वाटलं, दादा. मला फार बरं वाटलं. मग मी काकूंचं सांगितलं, शेपूचं, बाळाच्या नावानं दिलेल्या जुडीचं. सांगताना मी म्हणालो, "त्यांनी जुडीवर पाणी शिंपडलं, त्यांनी पिशवीत ठेवली." सगळं त्यांनी, त्यांनी. पिशवी कुणी धरली ते वाक्यात आलं नाही.

तिनं विचारलं, "आणि तू? तू कुठे होतास तेव्हा?"

मी म्हणालो, "मी गावाला होतो. शाळेत."

"मग हे सगळं तुला कुणी सांगितलं?"

"आजीनं."

इतकं पटकन आलं ते. मी शोधलंसुद्धा नाही, तयार होतं. तिनं मान हलवली, ओले हात ओढणीला पुसले आणि छापखान्यात फोन लावला. "काका, ते लेबलचं काम सुरू झालंय का? थांबवा जरा. फोटो काढून टाका. नाही, दुसरा नाही, फोटोच नको. आणि खालची ती लाईन पण काढा, विश्वासवाली. नुसतं 'वॉटरक्रेस' लिहा, आणि बारीक अक्षरांत लिहा, 'नळाच्या पाण्यावर वाढवलेली'. हो काका, हसा तुम्ही, पण लिहा." फोन ठेवून ती माझ्याजवळ आली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तुम्हाला कधी हात लावू शकलो नाही तसा तिनं मला सहज लावला. म्हणाली, "बरं झालं, तू नव्हतास तिथे. तू असतास तर गप्प बसला नसतास."

मी 'हो' म्हणालो.

आज रविवार. ती खाली हॉलमध्ये आहे, तिची आई मदतीला गेली आहे, आणि मी वर बसून हे लिहितोय. तुमचा फोटो टेबलावर उलटा पडला आहे. लावायचा की नाही ते तू ठरव, म्हणाली ती. मी अजून ठरवलेलं नाही. लिहायला घेतलं तेव्हा मनात होतं की हे तुम्हाला तर पोचणार नाही, पण तिच्या टेबलावर ठेवावं आणि तिनं वाचावं. आता ठेवणार नाही. पोथीच्या बासनात घालीन, तिथे ती हात घालत नाही. वर तुम्हाला जे लिहिलं त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. तुम्ही वाईट केलंत आणि देवाला मध्ये घेऊन केलंत. फक्त एवढंच, की तीन वर्षं ती पाटी माझ्या डोक्यावर होती. रोज. तुम्ही आजारी असायचात तेव्हा जुडीवर पाणी मी शिंपडायचो, आणि काकू आल्या की कोवळा शेपू मीच निवडून काढायचो. देवाला मी हे कधीच सांगून टाकलंय. तो उलट काही विचारत नाही. मुलगी विचारते, आणि तिनं पुन्हा विचारलं तर मी पुन्हा गावालाच असेन.